रेशमच्या डोळ्यांच्या कडेचं गोंदण

डिजिटल आलं म्हणून २००५ साली देवासच्या आमच्या स्टुडिओतली डार्करूम आवरायला घेतली, आणि निगेटिव्हच्या डब्यात रेशम सापडली. धारकडची भिल्ल मुलगी, सैन्यात नर्स. कारगिलच्या वेळी जखमी जवानाचं स्ट्रेचर धरलेला तिचा फोटो पेपरात आला होता. खाली जवानाचं नाव होतं, हिचं नव्हतं. सुट्टीत ती तोच फोटो आईसाठी मोठा करून घ्यायला आली. मी फोटोवरून निगेटिव्ह काढली आणि शहाण्यानं तिच्यावर रिटचिंगच्या पेन्सिलीनं डोळ्यांच्या कडेचं गोंदण साफ घालवलं. वर्दीवर शोभत नाही म्हणे! फोटो बघून ती एवढंच म्हणाली, "भिया, ये मैं हूँ क्या?" रजा संपत आली होती, तसाच घेऊन गेली.

निगेटिव्हवरची पेन्सिल पुसून नवी प्रिंट काढली आणि निघालो.

"अहो, सहा वर्षं झाली. ती विसरलीसुद्धा असेल," बायको म्हणाली.

मी नव्हतो ना विसरलो!

इंदूरला बस बदलायची. धारला स्टँडसमोर पोहे-जिलेबी खाऊनच घ्या. मांडूची जीप भरल्याशिवाय हलत नाही, भाडं आधीच ठरवा. घाटात गोरखचिंचेची ढेरपोटी झाडं दिसली आणि शाळेची सहल आठवून उगाच गलबलून आलं. तेव्हा गळ्यात काकांचा बॉक्स कॅमेरा होता, काय तो रुबाब!

निगेटिव्हच्या पाकिटावर लिहिलेलं रेशमचं गाव मांडूच्या अलीकडे. ती दूर ड्यूटीवर होती. आई अंगणात मक्याची कणसं सोलत बसलेली.

"माँजी, मैं देवास का फोटोवाला."

तिनं मला निरखलं. "अच्छा, तुमने मिटाया था?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आत घेऊन गेली. भिंतीवर मी मोठा करून दिलेला तोच फोटो, आणि डोळ्यांच्या कडेला निळ्या बॉलपेननं काढलेले टिपके, जरा वाकडेच.

"छोटी थी तब गोद में दबा के गुदवाया था. बहुत रोई थी. तुमने मिटा दिया, तो मैंने फिर बना दिया."

मी नवी प्रिंट पुढे केली. लुगड्याला हात पुसून तिनं ती उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि परत दिली.

"अच्छी है. पर मेरी वही रहने दो."

मग पानांत भाजलेले मक्याचे गरम पानिये आणि डाळ वाढली. अपमान नव्हता तो. प्रिंट पिशवीत ठेवली आणि जेवलो.

संध्याकाळच्या आत परतीची गाडी पकडा, नंतर मिळत नाही.

ती प्रिंट आता माझ्या दुकानात लावली आहे. कुणी म्हणालं, "भिया, ये दाग निकाल देना," की मी आधी विचारतो, "माँ से पूछा क्या?"