दोन हजारांत दोघं

दोन हजार एकोणीस साल. मी त्रेसष्ट वर्सांचा, ही माझ्याहून पाचेक वर्सांनी धाकटी. दौंडच्या पल्याड भीमेकाठी आमचं गाव. तिथनं ओळखीच्या टेम्पोत हिला पुढं बसवली आन् मागं सामानात मी बसलो. सामान म्हंजी दोन गोधड्या, एक पत्र्याची पेटी, तवा, परात आन् चार भांडी. धाकट्या भावानं बाजरीचं अर्धं पोतं आणून टेम्पोत टाकलं. मी ते पायानं खाली ढकललं.

"आबा, पोरगं चुकलं. त्याच्या वतीनं मी पाया पडतो," धाकटा म्हणाला.

मी तोंड फिरवलं. टेम्पो निघाला. हिनं मागं वळून बघितलं का न्हाई, मला दिसलं न्हाई.

गावाकडच्यांनो, तुम्हाला वाटतं म्हातारा जमिनीवरनं भांडून गेला. तसं न्हाई. आन् माझ्यासारखं गाव सोडून सणसवाडीला, रांजणगावला रूम करून राहिलेल्यांनो, तुम्ही पण ऐका.

आमचं घर एकत्र. आम्हा दोघांना मूलबाळ न्हाई. पुतण्या, धाकट्याचा पोरगा, शिकलेला, सोसायटीत कारकून. आदल्या दिवशी जेवताना चार पाहुण्यांच्या देखत म्हणाला, "आबा, राग धरू नका, पण तुमच्या दोघांच्या निस्त्या खाण्याला म्हैन्याला पाच हजार लागत्यात."

ज्या रानाला मी चाळीस वर्सं पाणी धरलं, त्या रानाची भाकरी माझ्या हातात होती. ती मी ताटात ठेवली. म्हणालो, "पाच हजार? दोन हजारांत दोघं खाऊ आन् वर ढेकर देऊ. तुमचा एक दाणा नको."

तो आकडा मी कुठनं काढला, हे मला आजपर्यंत कुणी विचारलं न्हाई. मी तो कुठनंच काढला नव्हता. किराणा म्हंजी मला ठाऊक होता चहापत्ती, साखर, मीठ, काडेपेटी. दाणं घरचं, डाळ घरची, दूध गोठ्यातलं, भाजी बांधावरची. मिरची हिनं वाळवायची आन् हिनंच कांडायची. ह्या सगळ्याला बाजारात पैसं पडत्यात हे मी मोजलंच नव्हतं. तोंडातनं दोन हजार निघालं आन् मी त्यावरच अडून बसलो. चौथी शिकलेला माणूस मी, पण शब्द मागं घेतलेला न्हाई कवा.

सणसवाडीत लायनीत आठ रूम, त्यातली आमची कोपऱ्यातली. नळ सगळ्यांत एक. मला कंपनीच्या गेटवर काम मिळालं, सकाळी आठ ते रात्री आठ. "वॉचमन म्हणायचं न्हाई बाबा, सिक्युरिटी म्हणायचं," सुपरवायझर सांगायचा. हिंदी पोरं मला चाचा म्हणायची. ड्यूटी, ओटी, गेटपास, सगळं तोंडात बसलं.

पगार झाला की हिच्या हातात दोन हजार ठेवायचे. रूमचं भाडं, लाईट, गॅस मी भरायचो. बाकीचं बँकेत. मला गावात धाकट्याच्या दारासमोर दोन पक्क्या खोल्या उठवायच्या होत्या.

पहिल्या म्हैन्यात ही एकदाच म्हणाली, "अवं, शेंगदाणं लई महाग हायेत हितं."

"मग कमी टाक," मी म्हणालो.

पुन्हा ती काही बोलली न्हाई. नंतर तेल चढलं, डाळ चढली. माझा आकडा हालला न्हाई. मला मोठं कौतुक वाटायचं, तिचं न्हाई, माझं. माझ्या ताटात दोन भाकरी, कालवण, कांदा, सगळं असायचं. सकाळच्या चहात दूध असायचं. ती कोरा प्यायची. विचारलं तर म्हणायची, "दुधाचा मला पित्त करतो." गावाकडं तिला कवा पित्त झालेलं मला आठवत न्हाई, पण तवा ते डोक्यात आलं न्हाई.

यवतला पाहुण्यात लग्न होतं. पुतण्या दिसला. मी मुद्दाम चार जणांत बसून मोठ्यानं सांगितलं, "पाच वर्सं झाली, आजून दोनच हजार लागत्यात आम्हाला." पुतण्या खाली मान घालून पत्रावळीकडं बघत राहिला. मला गार वाटलं. तिकडं बायकांत कुणीतरी हिला विचारत होतं, "अक्का, किती वाळल्यात तुम्ही?" ही हसून म्हणाली, "कंपनीकडचं पाणी बाई." त्या दिवशी ती दुपारी जेवाया बसली ती सगळ्यात शेवटी उठली. मी टेम्पोवाला थांबलाय म्हणून तिच्यावर डाफरलो.

गेल्या थंडीत ती नळावर पडली. हंडा अंगावर. शेजारच्या बिहारच्या पोरीनं, सुनीतानं, तिला उचलून आणलं आन् मला गेटवर फोन केला. दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं रक्त तपासलं, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आन् मला विचारलं, "आजोबा, आजी काय जेवतात रोज?"



चव्वेचाळीस वर्सं लग्नाला झाली. मी जेवायचो, उठायचो, मग ती बसायची. आमच्यात तसंच. तिचं ताट मी बघितलंच नव्हतं. "जेवते की, भाकरी जेवते," मी म्हणालो. डॉक्टरनं चिठ्ठी लिहिली. म्हणाला, "खूप दिवसांचं आहे हे. उशीर केलात."

रूमवर आल्यावर सुनीताला विचारलं. तिनं आधी टाळलं. मग म्हणाली, "चाचा, बुरा मत मानना. चाची सुबह काली चाय में आधी रोटी डुबोके खाती है. बस. शाम को आपके बाद बर्तन पोंछके जो निकले. मैं सब्जी देती थी तो बोलती थी, चाचा को मत बताना."

मी आत गेलो. ही भिंतीला टेकून बसली होती. मी म्हणालो, "माझ्या बँकेत पैसं हुतं. मागायचं हुतंस."

"चार माणसांत बोलला हुता तुम्ही. मी पैसं मागून तुमची मान खाली घालू?" मग हसली. दात दिसलं, गाल न्हाई. "आन् तुम्ही कवा बघितलं का माझ्याकडं जेवताना? म्हटलं, बघत्याल कधीतरी."

त्याच दुपारी मी बाजारात गेलो. शेंगदाणं, गूळ, खजूर, अंडी, दोन पिशव्या दूध, तांदूळ, तुरीची डाळ. किती झालं बघितलं न्हाई. संध्याकाळी पहिल्यांदा दोन ताटं वाढायला लावली आन् तिच्यासमोर बसलो. तिनं एक घास घेतला, दुसरा घेतला आन् हात थांबला.

"खा की."

"जात न्हाई वो. तुम्ही बघताय, तर गळ्याखाली उतरतच न्हाई. आन् पोटाला बी आता सवय ऱ्हायली न्हाई."

मी उठून बाहेर पायरीवर बसलो. अर्ध्या तासानं आत आलो तर ताट तसंच, वर झाकण. शेंगदाणं पिशवीत, खजूर पिशवीत. सगळं घरात होतं आन् तिला भूक नव्हती. रागवायचं कुणावर? रागवायची सवय आयुष्यभर केली, तीपण उपयोगी पडेना.

लोक विचारत्यात, आबा, आता घर कुठलं, गावचं का हितलं? मी गावच्या घराकडं माझ्या डोळ्यांनीच बघत होतो. ओटा माझा, बैलाची दावण माझी, भावकीतला मान माझा. हिचं घर त्यात कुठं होतं? चुलीपाशी होतं. पुरुष जेवून उठले की ही आन् धाकट्याची बायको शांता एकमेकींसमोर बसायच्या. हिनं नको म्हटलं तरी शांता ताटात भाकरी टाकायची, "खा गं अक्का, नखरं कसलं करतीस," म्हणायची, आन् मग दोघी काहीबाही बोलून हसायच्या. ते हसू ओट्यावर ऐकू यायचं आन् मी आतल्या दिशेनं खाकरायचो, की गप व्हा. तेवढी एकच जागा हिच्या मालकीची होती. टेम्पोत मी माझी पेटी घेतली, तवा घेतला, ती जागा तिथंच सोडून आलो. दोन हजारांत ती कशी बसली असती?

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीला गेलो न्हाई. पायरीवर उभा राहून धाकट्याला फोन लावला. तो "आबा?" म्हणाला. पाच वर्सांत मी पहिल्यांदा लावला होता.

म्हणालो, "तुझ्या मंडळीला दे."

धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्यानं समोरासमोर बोलायचं नसतं. शांता आमच्या घरात येऊन अडतीस वर्सं झाली. तिच्याशी मी एक शब्द बोललो नव्हतो, ती मला बघून पदर पुढं ओढायची. फोन तिच्या हातात गेला. पलीकडं बांगड्या वाजल्या.

मी म्हणालो, "शांते, मी थोरला बोलतोय. हिच्यासमोर जेवाया बसायला कुणी न्हाई. तू ये. न्हाईतर मी हिला तिकडं घेऊन येतो. तू सांगशील तसं."