बिनतळाचा तंबू

दांडिया बाजारात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी साठी ओलांडली आहे. डॉक्टरांनी गुडघ्यामुळे जड सामान उचलायला मनाई केली, तेव्हापासून त्या डोंगरात न्यायची प्रत्येक वस्तू आधी तळहातावर तोलतात. शेवटी त्यांनी तंबूसुद्धा तळ नसलेला घेतला. वर पातळ कापड, मधे एक काठी आणि खाली उघडी जमीन.

"हलका आहे ने? मग चालशे," एवढंच त्या आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाल्या.

जांबुघोड्याच्या जंगलात आम्ही दोघी गेलो, तर जमीन खडकाळ निघाली. खुंट्या आत शिरेनात. वाऱ्याने तंबू दोनदा आडवा केला.

मी म्हटलं, "काकू, आज माझ्या तंबूत झोपा. उघड्या जमिनीवर विंचू आला म्हणजे?"

"आज तुझ्याकडे झोपले, तर पुढच्या वेळी एकटी कशी येऊ?"

त्यांनी मला हात लावू दिला नाही. खाली बसून, दुखरा पाय लांब करून त्यांनी एकेक दोरी दगडाला आवळली. तंबू उभा राहिला. मग आतला पालापाचोळा काढून त्यांनी एका बाजूला चटई अंथरली, थर्मास उघडला आणि मला हाक मारली.

"ये गं, चहा घे. बूट नको काढूस."