हळदकुंकू लागलेली पिन

आमच्या जुन्या गोठ्यात माझं वर्कशॉप आहे. वर्कशॉप हा माझा शब्द. आबा, म्हणजे माझे वडील, त्याला अजून गोठाच म्हणतात. "गोठ्यातनं बोलवा त्याला," असं ते माझ्या बायकोला सांगतात आणि मी खाली मान घालून जेवायला येतो. सणसरला आमची उसाची शेती. ऊसतोड सुरू झाली की या भागात कुणाची ना कुणाची ट्रॉली ओल्या वावरात रुततेच. ट्रॅक्टरही जिथं जागच्या जागी चाक फिरवत बसतो, तिथं चारही चाकांनी ओढणाऱ्या आमच्या जीपला बोलावणं येतं. ती जीप मी शाळेत असताना आबांनी सरकारी लिलावातून आणली होती. तिच्यावर ते गाडी शिकले, मीही शिकलो, आणि बापलेकांची निम्मी भांडणंही तिच्यावरूनच झाली.

दोन वर्षांपूर्वी मी ती उंच केली. स्प्रिंगचे नवे पाटे टाकले, रुंद टायर बसवले, पुढं तारेचा दोर ओढणारी विंच लावली. एवढं सगळं आपल्या हातानं केल्यावर बापानं एकदा तरी बसून बघावं, असं कुणालाही वाटेल. आबांनी जीपभोवती एक फेरी मारली, टायरला पायानं ढोसलं आणि म्हणाले, "उंट केलास की रं गाडीचा. चढाया आता शिडी आन."

त्यानंतर ते जीपमध्ये बसलेच नाहीत. बारामतीला जायचं असलं तरी फाट्यावर जाऊन एसटीची वाट बघत उभे राहायचे आणि मी शेजारून गेलो तर दुसरीकडं बघायचे. मला त्याचा संताप यायचा. खरं सांगायचं तर संतापापेक्षा वाईट जास्त वाटायचं, पण आमच्या घरात वाईट वाटलेलं कुणी बोलून दाखवत नाही. राग मात्र कालव्याच्या पाण्यासारखा पाळीपाळीनं प्रत्येकाच्या वाट्याला येतो.

गाडी उंच केली की तिच्या स्टिअरिंगवर ताण येतो. पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारी एक आडवी दांडी असते, तिला टाय रॉड म्हणतात. आमच्या जीपला स्टिअरिंग उजव्या चाकाला वळवतं आणि ही दांडी डाव्या चाकाला सोबत घेते. ती सुटली तर उजवं चाक तुमचं ऐकतं, डावं कुणाचंच ऐकत नाही. वर्षभरात त्या दांडीच्या टोकांचे सांधे खिळखिळे झाले होते, म्हणून मी जाड दांडी आणि नवे सांधे आणले आणि गेल्या वर्षी नेमक्या खंडेनवमीला बसवायला घेतले.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. विळे, कोयते, कुऱ्हाडी आणि त्यांच्याच रांगेत माझे पाने नि हातोडे. सगळं धुऊनपुसून देवघरापुढं मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि मग दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. हा आबांचा नेम. घर जळालं तरी चालेल, पण नेम मोडायचा नाही, अशा तयारीचा माणूस.

उजव्या बाजूचं काम पूर्ण झालं होतं. डाव्या सांध्याचा नट मी नुसता हातानं फिरवून लावला होता. त्याला पाना मारायचा आणि तो परत फिरू नये म्हणून त्याच्या भोकातून स्प्लिट पिन घालायची, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात आबा घमेलं घेऊन दारात आले. मी जीपखालूनच म्हणालो की दोन मिनिटं थांबा, एवढा नट आवळून देतो.

"देव काय तुझ्या नटासाठी ताटकळत बसंल व्हय?" आबा म्हणाले आणि पान्यांचा ट्रे, त्यातल्या पिनेसकट, उचलून घमेल्यात रिकामा केला. माझ्या हातातला पानाही मागितला. मी तो असा टाकला की घमेलं खणखणलं. मग कपडे झटकले आणि शेतावर निघून गेलो.

जाताना मात्र स्टिअरिंगला लाल फडकं बांधून गेलो. ही आमच्या गोठ्यातली खूण, आबांनीच ट्रॅक्टरच्या दिवसांत पाडलेली. काम अर्धवट आहे, गाडीला हात लावू नका, असा तिचा अर्थ. ते फडकं दिसलं की शेजारची कार्टीसुद्धा जीपवर चढत नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी बायकोनं मला श्रीखंड आणायला बारामतीला पिटाळलं. रस्त्यावर हार घातलेले ट्रॅक्टर, दुकानांत गर्दी, सगळीकडं झेंडू. मोटारसायकलवरून परत आलो तर अंगणातल्या तारेवर ते लाल फडकं वाळत होतं, स्वच्छ धुतलेलं. मी क्षणभर नुसता त्याच्याकडं बघत राहिलो. मग गोठ्याकडं धावलो. गोठा रिकामा होता.

बायको हात पुसत बाहेर आली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. सासूबाईंनी, म्हणजे माझ्या आईनं, सकाळी जीप धुतली होती. सणासुदीला स्टिअरिंगला असलं कळकट फडकं नको म्हणून ते सोडून धुतलं होतं आणि त्या जागी झेंडूचा हार गुंडाळला होता. मग आबा अंघोळ करून आले, त्यांनी जीपपुढं नारळ फोडला आणि आईला शेजारी बसवून निघालेसुद्धा. नरसिंहपूरला, आमच्या कुलदैवताला.

"आबा सोताहून बसलं," ती म्हणाली. "मला म्हनलं, पोरानं एवढी केलीय तर देवाला दावून आनतो."

वर्षभर ज्या गोष्टीची वाट बघितली ती घडली होती, आणि नेमकी आजच घडली होती. एक वेडी आशा होती की रात्री आबांनीच नट आवळला असेल. मी देवघरात गेलो. पाने ओळीनं मांडलेले होते, सगळ्यात मोठ्या पान्यावर फूल होतं, आणि त्याच्या शेजारी, कोयत्याच्या मुठीला टेकून, ती पिन ठेवलेली होती. आईनं तिलाही हळदकुंकू लावलं होतं.

पिन इथं आहे, म्हणजे ती जीपमध्ये नाही. नट मोकळा आहे आणि गाडी रस्त्यावर आहे.

मी पिन उचलली, पाना उचलला. अक्षता खाली सांडल्या. बायको दारातून ओरडली, "अवो, पूजा!" मी तिला दोन वाक्यांत सांगितलं. ती पांढरीफटक पडली. मी आबांना फोन लावला आणि तो ओसरीवर चार्जिंगला लावलेलाच वाजला. आई फोन वापरतच नाही. बायको एवढंच म्हणाली, "बघत काय बसलाय, पळा."

हातानं लावलेला नट किती टिकेल, याचा हिशोब रस्ताभर डोक्यात चालू होता. डांबरी रस्त्यावर थोडा जास्त, खड्ड्यात थोडा कमी. नट गळून पडला तरी सांधा खाचेत अडकून काही वेळ बसून राहतो, पण एखादा धक्का बसला की खाली येतो. तेव्हा गाडी सावकाश असेल तर ठीक. पुढून ट्रक येत असेल तर मग बोलायलाच नको. लासुर्ण्यापर्यंत मी प्रत्येक वळणावर माणसांचा घोळका दिसतो का ते बघत होतो. दिसला की गाडी हळू करायचो, आणि तो घोळका चहाच्या हॉटेलपुढचा निघायचा.

लासुर्ण्याला ओळखीच्या एका म्हाताऱ्यांना थांबून विचारलं. ते हसत म्हणाले की आबा मगाशीच गेले, गाडी लई ऐटबाज दिसते तुमची. मी कुठल्या रस्त्यानं म्हणून विचारलं. म्हाताऱ्यांनी कालव्याकडं बोट केलं.

मला वाटलं होतंच. आबांना मोठ्या रस्त्यावरची गर्दी आवडत नाही. कळंबकडं जाताना ते कालव्याच्या भरावावरची कच्ची वाट धरतात. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला तुडुंब भरलेला कालवा, आणि मध्ये जेमतेम एका गाडीची वाट. ओल्या मुरुमावर माझ्या टायरांच्या खुणा स्पष्ट उमटल्या होत्या. त्या रुंद खुणांचा मला किती अभिमान होता. त्या दिवशी मी त्या सरळ आहेत का एवढंच बघत गेलो. कालवा डाव्या हाताला होता, आणि नट डाव्याच चाकाचा होता.

बऱ्याच पुढं गेल्यावर जीप दिसली. झेंडूच्या माळा, आणि आईचा वाऱ्यावर उडणारा हिरवा पदर. आबा सावकाश चालवत होते, पण डावं चाक थरथरत होतं, ते मला मागूनही दिसलं. मी हॉर्नवर अंगठा ठेवला आणि तसाच उचलला. मागून हॉर्न आला की आबा गाडी डावीकडं घेतात. आयुष्यभराची सवय. डावीकडं कालवा होता.

ओरडलो असतो तरी ऐकू गेलं नसतं, आणि ऐकू गेलं असतं तर त्यांनी करकचून ब्रेक मारला असता. पुढं पूल होता, तिथं वाट एकदम काटकोनात वळते. त्याच्या आत काहीतरी करायला हवं होतं. मी उसाच्या बाजूनं गवतात मोटारसायकल घातली आणि जीपला घासून पुढं निघालो. आईनं मला बघितलं आणि हसून हात हलवला. तिला वाटलं, पोरगाही देवाला आला. आबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी मान वळवली नाही. त्यांच्या पुढं वाटेच्या मधोमध आलो आणि हळूहळू वेग कमी करत गेलो. मागून हॉर्न वाजायला लागला. मी बाजूला होईना. माणूस चालतो तेवढ्या गतीवर आलो आणि मग थांबलो.

आबांचा पारा चढला असणार. थांबता थांबता मला वळसा घालून निघायचं म्हणून त्यांनी स्टिअरिंग उजवीकडं ओढलं. तेवढ्यात खाली काहीतरी कट्कन वाजलं. जीप हातभर सरकली आणि उभी राहिली. उजवं चाक उसाकडं तोंड करून होतं, डावं कालव्याकडं.

आबा खाली उतरले. त्यांनी एक चाक बघितलं, मग दुसरं बघितलं. वाकून खाली लोंबणारी दांडी बघितली. त्यांना काही सांगावं लागलं नाही. पुढच्या पुलाकडं त्यांची नजर गेली, कालव्याच्या पाण्याकडं गेली, आणि मग आईकडं. ती मांडीवर नारळाची पिशवी धरून बसली होती आणि गाडी का थांबली म्हणून विचारत होती.

"मला वाटलं, शेजाऱ्याचा पाना मागून आवळलं असशील," आबा म्हणाले. "फडकं न्हवतं. तुझा सोभाव मला म्हाईत हाय."

मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. पान्यावर कुंकू होतं, माझ्या तळहातावर हळद.

"पूजा मोडलीस?"

"व्हय."

मी ऐकून घ्यायला तयार होतो. तितक्याच जोरानं सुनवायलाही तयार होतो. रस्ताभर सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. पण त्यांनी टोपी काढून बॉनेटवर ठेवली आणि धुवट पांढऱ्या सदऱ्यानिशी ते जीपखाली शिरले. मी करतो म्हणालो तर खालून नुसता हात बाहेर आला. "पाना दे. पिन दे. आन् चाक सरळ धर." नट वाटेत कुठंतरी पडला होता. मी विंचच्या चौकटीचा एक तसाच नट काढून दिला. त्यांनी सांधा बसवला, नट आवळला, पिन घालून तिची टोकं वाकवली. शेवटी खालूनच आवाज आला.

"उंच केलीस ते बरं झालं. न्हायतर हितं शिरता आलं नसतं."

मी कालव्याच्या काठावर बसलो आणि रडलो. भीतीनं रडलो की त्या वाक्यानं, ते मला आजही सांगता येणार नाही. आबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला ग्रीस लागलं होतं. आईनं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले की काही नाही, पोराचं जरासं काम राहिलं होतं. मग त्यांनी किल्ली माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही. म्हणालो, "तुमीच चालवा, आबा." नरसिंहपूरपर्यंत मी त्यांच्या मागून गेलो आणि सबंध रस्ता डाव्या चाकावरची नजर हलवली नाही.

यंदाच्या खंडेनवमीला मी जीपखाली होतो. मागच्या पाट्याचं काम चाललं होतं आणि नेहमीप्रमाणं वेळ झाला होता. दारात आबांचे पाय दिसले, आणि शेजारी जमिनीवर टेकवलेलं रिकामं घमेलं. मी पाने गोळा करायला लागलो.

"हुदे तुझं," आबा म्हणाले. "देव थांबंल." आणि ते तिथंच उंबऱ्यावर बसून राहिले.