टॉवेल वाळत घातलेली व्हीलचेअर

माझी मावशी रुग्णांना व्हीलचेअर फुकट वापरायला देते. उद्या एक आजोबा दवाखान्यातून घरी येणार आणि तिच्याकडे एकही शिल्लक नाही, म्हणून तिने तीस सेवाभावी संस्थांच्या ऑनलाइन बैठकीत मदत मागितली. समन्वयक नाकातून गायले, "ताईऽऽ, तुमची कळकळ पोचली हं! आपण उपसमिती नेमूया." लगेच सगळ्यांचे अंगठे वर.

मावशी स्क्रीनजवळ सरकली. "भाऊ, तुमच्या मागे जिच्यावर टॉवेल वाळतायत ना, ती माझीच व्हीलचेअर. पाठीवर माझा सात नंबर आहे. दोन वर्षांपूर्वी आठवड्यासाठी नेलीत."

समन्वयकांच्या मागे तत्काळ निळा समुद्र पसरला. "आवाज तुटतोय, ताईऽऽ."

"तुटू दे. टॉवेल काढून ठेवा," मावशी चपला घालत म्हणाली, "मी निघालेय."