वॉटी पिटकेर्नच्या चार ओळी

चर्चच्या पश्चिमेच्या भिंतीला मी बोट लावलं आणि दगडाची भुकटी हातात आली. दगड साडेतीनशे वर्षांपूर्वी बसवलेला, पण त्याची अशी अवस्था गेल्या पन्नास वर्षांत झाली होती. दगडांमधल्या फटी, म्हणजे दरजा, सिमेंटनं भरल्या की आत शिरलेलं पाणी दगडातूनच बाहेर पडायला बघतं आणि हिवाळ्यात तिथेच गोठून दगड फोडतं. गावानं मला भिंत तपासायला सांगितली होती; त्या अहवालात मी हे कारण लिहिलं. दरजा कोणी भरल्या, यापुढे 'माहीत नाही' असं लिहिलं.

खरं तर आमच्या बालमर्डी गावात ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं. "ती भिंत माझी," असं गवंडी वॉटी पिटकेर्न मला लहानपणापासून सांगत आले होते.

भिंत उतरवायची की वाचवायची, हे ठरवायला गावाची सभा भरली. एक्क्याऐंशी वर्षांचे वॉटी मागच्या बाकावरून उठले.

"इशबेल, नाव का गाळलंस?"

"त्यानं काय फरक पडतो, वॉटीकाका?"

"भिंतीचं कौतुक व्हायचं तेव्हा पडत होता!"

"बस खाली, वॉटी," अध्यक्ष ग्रिझेलबाई म्हणाल्या. "पन्नास वर्षं तुझी बढाई ऐकली, आता कबुलीजबाबही ऐकायचा?"

"ऐक गं, फुकट आहे." लोक हसले, वॉटी हसले नाहीत. "माझा बाप चुन्यानं दरजा भरायचा, त्यात कालवांचे शिंपले दाबायचा. मला ते भिकारडं वाटायचं. मी सगळे उपटून फेकले आणि सिमेंट भरलं. तो खाली उभा राहून बघत होता. एक शब्द बोलला नाही."

वॉटी बाकांमधून पुढे आले.

"दगडांच्या खालच्या चार ओळी मला द्या, पुन्हा चुन्यानं भरतो," वॉटी म्हणाले. "एक हिवाळा थांबा. सुधारल्या तर वरही तसंच करा. नाहीतर पाडा, मी आडवा येणार नाही."

त्या वयात परांचीवर चढायची परवानगी मिळणं शक्य नव्हतं, म्हणून चारच ओळी. मी कापायचं मशीन नेलं तर त्यांनी ते बाजूला सारलं. "हे दगडाची कड खातं, पोरी." उलट्या बादलीवर बसून, हातोडी-छिन्नीनं त्यांनी स्वतःचंच सिमेंट कोरून काढलं. त्यात उन्हाळा गेला. शिंपले किनाऱ्यावरून स्वतः वेचून आणले. चुना भरल्यावर तो हळू सुकावा म्हणून भिंतीला गोणपाट लावलं आणि रोज सकाळी त्यावर पाणी मारलं.

"उगवलं का रे काही?" ग्रिझेलबाई रस्त्यावरून ओरडायच्या.

"तुझ्यासारखं घाईचं बी नाही ते!"

डिसेंबरात छातीच्या दुखण्यानं त्यांनी अंथरूण धरलं. मार्चमध्ये बर्फ वितळलं, मग तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी ग्रिझेलबाईच त्यांना गाडीत घालून घेऊन आल्या. वर भिंत काळपट, ओली. खालच्या चार ओळी फिकट, कोरड्या. मी ओलावा मोजून यंत्रावरचा आकडा पुढे केला. वॉटींनी तो पाहिला नाही. तळहात आधी वर टेकवला, मग खाली, आणि खालीच राहू दिला.

"सभेला काय सांगशील?"

"वाचेल म्हणून."

"आणि नाव?"

मी अहवाल काढून 'माहीत नाही' खोडलं आणि लिहिलं: सिमेंट, वॉटी पिटकेर्न.

"आता खाली चुना लिही."

"त्यापुढेही तुमचंच ना?"

"नाही." त्यांना दम लागला होता. "एबेनेझर पिटकेर्न लिही. माझा बाप."

माझं लिहून होईपर्यंत ते भिंतीला धरून उभे होते.