वाढणारे घरचे

लग्न ठरलं की आर्णीतली माणसं आधी चाचांच्या बिछायत केंद्रात यायची. मांडव, गाद्या, सतरंज्या, मोठाले गंज नि पातेली, जनरेटर, सगळं तिथून भाड्यानं मिळायचं. पण काय काय हवं ते समोरचा सांगू लागला की चाचा पंजा वर करून त्याला थांबवत आणि विचारत, ‘‘ते होईन सारं. वाढणारे कोण आहे, ते पहिले सांगा.’’

वाढायला माणसं पैसे देऊन मिळतात की, असं कुणी म्हणालं तर त्यांचा पारा चढलाच म्हणून समजा. ‘‘भाड्याचा माणूस भात टाकते अन् पुढं जाते. कोणाचा मामा रुसून बसला, कोण लाजून दुसऱ्यांदा मागत नाही, त्याले काय माहीत? वाढणारे घरचे पाह्यजे.’’ घरच्या पोरांनी वाढायचं कबूल केल्याशिवाय ते गाद्यांना हात लावू देत नसत. लोक वैतागायचे, तरी जायचे त्यांच्याकडेच.

सगळी आर्णी त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. साधेभोळे वगैरे ते मुळीच नव्हते. पांढऱ्या कुर्त्याला कडक इस्त्री, कानात अत्तराचा फाया आणि तोंडी सदा स्वतःचीच तारीफ. माझ्या मांडवात जेवला नाही असा माणूस तालुक्यात दाखवा, असं ते कुणालाही ऐकवत. तुमच्याही गावात असा एखादा असेल. त्याच्यावर चिडावं की त्याच्या प्रेमात पडावं हे ठरता ठरत नाही.

मी तेव्हा यवतमाळला एका परदेशी मदतसंस्थेच्या कार्यालयात नोकरीला होतो. पूर आला की कुठल्या तरी दूरच्या गोदामातून आमची किट निघायची. अरुणावतीचं पाणी ओसरायचं, लोक घरातला गाळ उपसून मोकळे व्हायचे, तेव्हा आमचा ट्रक आर्णीत शिरायचा. वाटपाला मांडव मात्र चाचांचा असायचा. एकदा त्यांनी किटमधलं सुपाचं पाकीट उघडून सूप करून प्यायलं आणि बराच वेळ जीभ टाळ्याला लावून बसले.

‘‘बरं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण साहेब, लोकं उपाशी आहे, आजारी नाही.’’

मी हसलो. तेही हसले आणि उरलेलं सूप त्यांनी मला पाजलं. अशी आमची ओळख वाढली. पुढे त्यांच्या भाचीच्या लग्नात मी मोठ्या हौसेनं बाह्या सरसावून भात वाढायला घेतला, निम्मा सांडला; मग वरणाच्या बादलीला हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरून मला पाटावर बसवलं. ‘‘तुम्ही बसा. तुम्ही पाव्हणे.’’ जेवण झकास होतं, पण ते ‘पाव्हणे’ मला लागलं. मी काही सातासमुद्रापलीकडून आलेलो नव्हतो, यवतमाळचाच होतो.

मग वरून नवं धोरण आलं. बाहेरून किट धाडणं बंद करायचं, पुराचा निधी इथल्याच लोकांच्या समितीकडे सोपवायचा आणि कार्यालय हळूहळू आवरतं घ्यायचं. मात्र समिती त्या लायकीची आहे हे आमच्या दिल्लीच्या मॅडमना पटायला हवं होतं. नाही पटलं तर निधी दुसऱ्या राज्यात जाणार होता आणि पुढच्या पुराला आर्णीच्या वाट्याला नुसतं पाणीच येणार होतं.

समितीत चाचा होते, आणि बचत गटाच्या अध्यक्ष ताई होत्या. ताईंच्या घरची कापसाची, तुरीची शेती. चाचांना तोंडावर बोलणारं आर्णीत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. मॅडम येणार म्हणून दोघांनी हंगामातच गावोगावच्या शेतकऱ्यांकडून तूर मागून आणली आणि तिची डाळ करून चाचांच्या गोदामात रचून ठेवली. पुरात गाद्या, गंजही चाचांचेच वापरायचे ठरले; तसा पावसाळ्यात त्यांचा सगळा माल पडूनच असायचा, कारण लग्नं बंद.

बैठक त्याच गोदामात झाली, गाद्यांच्या थप्प्यांमध्ये. मॅडम हिंदीतून बोलत होत्या, चाचा त्यांच्या हिंदीला वऱ्हाडीची फोडणी देत होते. मॅडम बाई हुशार, प्रश्न नेमका विचारायच्या. तुम्ही आधी आपल्याच माणसांना वाटलं तर, असं त्यांनी विचारलं.

चाचांचे कान लाल झाले. आता बिनसलं, असं मला वाटलं. पण राग गिळून ते म्हणाले, ‘‘आमच्यात वाढणारा आखरीले जेवते. हा मांडवातला कायदा आहे, पुरातही तेच राहीन.’’

‘‘आणि चुकलात तर?’’

‘‘चुकलो तर सकाळी ह्याच गल्लीतून जा लागते, बाई. तोंड कुठं लपवणार?’’

मॅडम हसल्या. पण नुसत्या बोलण्यावर भुलणाऱ्या त्या नव्हत्या. एका पावसाळ्यापुरता निधी देऊ आणि मग बघू, असं ठरलं.

त्याच पावसाळ्यात अरुणावती चढली. पाणी नदीकाठच्या वस्तीत शिरायच्या आत चाचांच्या गाद्या शाळेत पोचल्या होत्या. माणसं आली, गंज चढले, ताईंच्या गटातल्या बायकांनी वरणभात रांधला. दिवेलागणीला चाचांनी मैदानात मांडव घातला, तोही झालरीसकट. जनरेटर लावून एवढे दिवे पेटवले की गावात वरात आलीय असं वाटावं. वरून स्वतः कुर्ता बदलून आले. पंगत बसली. पुरुष बसले, पोरं बसली. बायकांच्या ओळी मात्र रिकाम्याच राहिल्या.

‘‘ह्या काहून नाही आल्या?’’ चाचा वैतागले. ‘‘भात थंडा होऊन राह्यला!’’

ताई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या. ‘‘चाचा, अंगावर ओलं लुगडं, चिखलानं भरलेलं. तुमच्या ह्या झगमगाटात कोणती बाई येऊन बसन? लग्न लावून राह्यले का तुम्ही?’’

चाचांनी जाऊन बायकांच्या बाजूचे दिवे स्वतःच्या हातानं बंद केले. मग गोदामातून लाल मखमली कनात आणवली. ही कनात ते फक्त मोठ्या घरच्या लग्नाला काढत, आणि तिला कुणी तेलकट हात लावला तर अंगावर धावून जात. ती कनात त्या चिखलात उभी राहिली. तिच्याआड ताईंनी गावातून गोळा केलेली कोरडी लुगडी वाटली, बायका बदलून बसल्या आणि पोटभर जेवल्या. मखमल खालून पार माखली. चाचांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. मी मनात म्हटलं, आता हा माणूस आपल्या मांडवाची तारीफ सुरू करणार. पण त्यांनी कुर्त्याची बाही ठीक केली आणि पहिलं वाक्य टाकलं, ‘‘काल माह्या हातून गलती झाली, बाई.’’ काय झालं ते सगळं सांगितलं. कुणी ध्यानात आणून दिलं, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा त्यांनी ताईंकडे बोट दाखवलं. ‘‘ह्यांनी. सगळ्याइच्या समोर झापलं मले.’’

जेवण चालू असतानाच चूक पकडली गेली आणि भात थंड व्हायच्या आत ती दुरुस्तही झाली, हे मॅडमना पुरेसं होतं. निधी आर्णीत राहिला. त्या दिवशी मला माझ्या जिल्ह्याचा इतका अभिमान वाटला की उगाचच सगळ्यांशी हात मिळवत सुटलो.

गेल्या उन्हाळ्यात, लग्नसराई संपत आली असताना चाचा गेले. मागोमाग आमचं कार्यालयही बंद झालं आणि मी दुसरीकडे चिकटलो.

या पावसाळ्यात पुन्हा पाणी चढल्याचं कळलं. मला कुणी बोलावलं नव्हतं. तरी सकाळची एसटी धरून गेलो. शाळेत गाद्या पोचल्या होत्या, गंज चढले होते, लाल कनात उभी होती. खालच्या काठाचे चिखलाचे डाग धुऊनही गेले नव्हते. मी सवयीनं पाहुण्यासारखा भिंतीशी उभा राहिलो.

ताई पंगतीतून वाट काढत माझ्यापाशी आल्या आणि वरणाची बादली त्यांनी माझ्या हातात दिली.

‘‘चाचा सांगून गेलते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘साहेब येईनच म्हणे. आला तर त्याले वाढाले लावजा, आता तो घरचा आहे. पण भात नका देऊ म्हणे, सांडते.’’

समोर पंगत बसली होती. मी वाकून वाढू लागलो. त्या दिवशी मी सगळ्यांच्या शेवटी जेवलो.