पायलीभर तांदूळ

नववीत गुरुजींनी आम्हाला अमेरिकेच्या वसाहतींचा धडा शिकवला, तेव्हा मी पहिल्या बाकावर बसले होते. हे मुद्दाम सांगते. सत्तरचं दशक संपत आलं होतं, तरी मुळशीच्या आमच्या गावात बौद्धवस्तीतली मुलगी पहिल्या बाकावर बसते ही गोष्ट नवलाचीच होती. मला तिथं बसवलं गुरुजींनी. ते गावातलेच, मोठ्या शेतकरी घरातले. त्यांचे थोरले भाऊ जत्रेच्या पंचांमध्ये पहिले. पण गुरुजी त्यांच्यासारखे नाहीत, असं आमच्या वस्तीत सगळे धरून चालले होते. मी तर जरा जास्तच.

धडा त्यांनी असा रंगवला की मधली सुट्टी झालेली कुणाला कळली नाही. समुद्रापलीकडून राजाची सभा कर बसवते. कागदावर कर, चहावर कर. आणि त्या सभेत या लोकांचा एकही माणूस नाही. "प्रश्न पैशाचा नव्हता," गुरुजी म्हणाले. "तो चहा उलट स्वस्तच पडत होता. पण आम्हाला न विचारता आमच्यावर पट्टी बसवणारे तुम्ही कोण, हा प्रश्न होता." मग लोकांनी चहाच्या पेट्या बंदरात कशा फेकल्या, ते त्यांनी हातवारे करून सांगितलं. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "गुरुजी, समदा समुद्र ग्वाड झाला आसंल?" गुरुजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

संध्याकाळी मी सगळं घरी सांगितलं. वडील विळ्याला धार लावत होते. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं.

"सभंत ह्यांचा मानूसच न्हाई?"

"न्हाई."

"मंग द्यायचं कशापायी?" असं म्हणून ते पुन्हा विळ्याकडे वळले. पण धार लावायची राहिली ती राहिलीच.

आमच्या गावची जत्रा माघात असायची. जत्रेच्या जेवणासाठी दर घरानं पायलीभर तांदूळ द्यायचा, अशी रीत. आमचा तो देव वडिलांच्या तरुणपणीच सुटला होता. वस्तीनं बुद्धाचा मार्ग धरला, जत्रेत हलगी वाजवणं सोडलं, मेलेली जनावरं ओढणं सोडलं. पायली मात्र सुटली नाही. ती किती द्यायची हे देवळाच्या मंडपात बसून ठरायचं आणि आमची माणसं पायरीखाली उभी राहून ऐकायची. पालखी साऱ्या गावात फिरायची आणि आमच्या वस्तीच्या अलीकडे चिंचेपासून मागं वळायची. आमच्याच तांदळाचा भात आम्हाला शेवटच्या पंगतीत, बाजूला बसवून मिळायचा. हे सगळ्यांना सलत होतं. पण सलतंय असं कुणी कुणाला म्हणालं नव्हतं.

त्या वर्षी वस्तीनं ठरवलं, पायली द्यायची नाही. बोलायला वडील पुढे. मी चौदा वर्षांची, पण असा रुबाब करत फिरत होते की जसं काही मीच पेट्या फेकल्यात. मला भीती अशी वाटलीच नाही. उद्या गावानं दमदाटी केली तर गुरुजी मध्ये उभे राहतील, "यांचं बरोबर आहे" म्हणतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. इतकी मी खुळी होते.

आणि पायली मागायला आले ते गुरुजीच. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून दर साली जत्रेची पावती त्यांनीच फाडायची. मागं थोरले भाऊ आणि दोन पंच.

वर्षभरापूर्वी गुरुजी आमच्याकडे एकटे आले होते. पोरीला दहावीपर्यंत शाळेतून काढू नका, परीक्षेचा फॉर्म मी स्वतः भरतो, हे सांगायला. तेव्हा घोंगडीवर बसून त्यांनी आमच्या कपातला चहा घेतला होता. वरच्या आळीतला माणूस आमच्या घरी चहा प्यायला, हे आईनं नंतर येईल त्याला सांगितलं. त्यामुळं गुरुजींना दारात बघताच तिनं कुणाला न विचारता आधण ठेवलं. तोच कप धुतला. भरून बाहेर आणला.

गुरुजी बसले नाहीत. कप आईच्या हातातच राहिला.

"पायली काढ बाबा," ते वडिलांना म्हणाले. "उगं वाद नको." एरवी ते वडिलांना 'तुम्ही' म्हणत.

वडील उठून उभे राहिले. "गुरुजी, पायलीच्या दोन देतो. पालखी चिंचेच्या हिकडं आना, असंबी म्हनत न्हाई. नुस्तं ठरवताना आमच्यातला एक मानूस मंडपात बसवा. हे तुमीच शिकवलंया की पोरीला."

थोरल्या भावांनी मान वळवली. "काय शिकवतोस रं साळंत?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं, असं मला आजही वाटतं. मग भावाला म्हणाले, "तो धडा परदेशाचा हाय, दादा. त्याचा गावाशी काय संबंध?"

शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. हे मला सोसलं नाही, आणि पन्नाशी उलटली तरी सोसत नाही.

ते गेले. आई कप घेऊन तशीच उभी होती. मग तिनं चहा न्हाणीत ओतला. अमेरिका कुठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. "लई साखर घातली हुती," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून गिरणीत आमचं दळण घेईनात. दुकानात मीठ मिळेना. वडिलांना बांधावर कामाला बोलावणं बंद झालं. आई दळणाचा डबा डोक्यावर घेऊन शेजारच्या गावाला जायची. धाकट्या भावंडांना कण्या शिजवून घालायची. पंधरा दिवसांत वस्तीतलं एकेक घर गुपचूप पायली देऊन आलं. त्यांना मी तेव्हा मनातल्या मनात खूप बोलले. आज बोलणार नाही. त्यांचीही पोरं उपाशी होती.

शेवटी आमचं एकच घर राहिलं. वडिलांनी मला अंगणात बोलावलं.

"तू सांग. टाकू नेऊन पायली? टाकली तर तुजी साळा व्हईल. न्हाई तर बावधनला दगडाच्या खाणीवर जावं लागंल. तितं समद्यांनाच हात लावावा लागंल, तुलाबी."

मी म्हणाले, "नको टाकू."

वडिलांना माझा अभिमान वाटला. आईला रडू आलं. खरं सांगायचं तर मी ते तत्त्वासाठी म्हणाले की गुरुजींवरच्या रागासाठी, हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक रागच होता. त्या रागापायी माझी दहावी राहिली ती कायमची.

निघण्याआधी जत्रेनंतरची चाचणी होती. इतिहासाच्या पेपरात प्रश्न आला, वसाहतींनी कर द्यायला नकार का दिला? गुरुजींनी तो का घातला असेल कोण जाणे. मी पुरवणी घेऊन लिहिलं.

पेपर मिळाले तेव्हा गुरुजी एकेकाला पुढं बोलावून, हातात पेपर देऊन दोन शब्द बोलत होते. माझा त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मी तो उचलला. पैकीच्या पैकी गुण होते. चांगल्या उत्तराखाली ते लाल शाईनं 'शाब्बास' लिहायचे. माझ्या प्रत्येक पेपरावर आजवर लिहिलं होतं. या वेळी तिथं नुसती सही होती.

घरी वडील गाठोडी बांधत होते. त्यांना आकडे वाचता यायचे, अक्षरं नाहीत. गुण बघून त्यांचा चेहरा उजळला. महिनाभरात पहिल्यांदा.

"आनि ह्ये खाली तांबड्यात काय लिवलंय?"

"शाब्बास लिवलंय," मी म्हणाले.

वडिलांनी त्या सहीवरून बोट फिरवलं आणि आईला हाक मारली. "बघ गं," ते म्हणाले, "मी म्हनत हुतो का न्हाई. मानूस वाईट न्हाई त्यो."